आधी दात मोजा, मग टायर वाढवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या महिन्यात जुन्या जीपगाड्यांना नवे रूप देण्याच्या छंदावर पानभर लेख आला होता. छायाचित्रे देखणी होती आणि लेखकाचा उत्साहही खरा होता, याबद्दल दुमत नाही. मात्र चार इंच उंचावलेली बॉडी, तेहतीस इंची टायर आणि भंगारातून आणून बसवलेले मोठे डिझेल इंजिन यांचे तपशील रंगवून सांगणाऱ्या त्या लेखात क्लचपासून चाकापर्यंतच्या साऱ्या यंत्रणेच्या वाट्याला एकच वाक्य आले होते. जुन्या गाड्यांचे लोखंड दणकट असल्यामुळे गिअरबॉक्स आणि ॲक्सल आहेत तेच ठेवले तरी चालतात, अशा अर्थाचे ते वाक्य वाचून कुणी खरोखरच तसे केले, तर त्याची गाडी घाटात नाही तर चिखलात, पण बंद पडणार हे नक्की. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी मेकॅनिक नाही. इगतपुरी तालुक्यात भात आणि भाजीपाला पिकवणारा शेतकरी आहे. माझ्याकडे १९८९ची महिंद्रा एमएम ५४० जीप आहे, ती मी २००६ साली जुनी म्हणून घेतली. आमच्याकडे आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत रस्ता असा उरतच नाही. रोपांच्या जुड्या, खताच्या गोण्या आणि कामाला आलेली माणसे घेऊन बांधाबांधाने जाणारी हीच एक गाडी असते, त्यामुळे तिला छंदाची वस्तू म्हणून पाहणे मला कधी परवडले नाही. इंजिने इगतपुरीत आणि गाड्या नाशकात बनवणारी महिंद्रा हीच कंपनी असल्याने आमच्या भागात जीप ओळखणारी माणसे बरीच भेटतात, पण ‘खालचे काम’ मन लावून करणारी थोडी. इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोहोचवणारी जी साखळी असते, म्हणजे क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी), दोन्ही प्रोपेलर शाफ्ट (ती ॲक्सलपर्यंत नेणारे लांब दांडे), दोन्ही डिफरन्शियल (ती डाव्या-उजव्या चाकांत वाटणारे गिअर) आणि शेवटी चाक फिरवणारे ॲक्सल शाफ्ट, त्या सगळ्याला गॅरेजात एकत्रितपणे ‘खालचे काम’ म्हणतात. नावातच उपेक्षा आहे.

ही साखळी किती महत्त्वाची आहे, हे समजायला महिंद्राच्या जीपगाड्या जिच्यावरून आल्या, त्या मूळ अमेरिकी विलीज जीपकडेच पाहावे. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत जिची जुळणी सुरू झाली, त्या जीपचे इंजिन अवघे ६० अश्वशक्तीचे होते. आजच्या शहरी छोट्या मोटारींची ताकदही याहून जास्त असते. तरीही ती जीप डोंगर चढली, कारण तिच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर सुमारे २.८, ट्रान्सफर केसच्या लो गिअरचे २.४६ आणि डिफरन्शियलचे ५.३८ होते. या तिन्हींचा गुणाकार केला की ३७ येतात, म्हणजे लो गिअरमध्ये चाक एकदा फिरताना इंजिन ३७ वेळा फिरते आणि वाटेतले घर्षण सोडले तर इंजिनाचा पीळ (टॉर्क) चाकावर जवळपास ३७ पट होऊन उतरतो. अमेरिकेत आजही खडकाळ वाटांसाठी बनणाऱ्या रँगलर रुबिकॉनमध्ये ट्रान्सफर केसचाच लो गिअर ४ पट ठेवलेला असतो, तो याच हिशेबाने. चिखलात इंजिनाच्या अश्वशक्तीपेक्षा हा गुणाकार जास्त उपयोगी पडतो आणि तो सगळाच्या सगळा गिअरच्या दातांवर ठरतो.

माझ्या गाडीने हा धडा मला उलट्या बाजूने शिकवला. घेतल्यापासून तिची एक खोड होती. चिखलात फोर व्हील लावली की ती चालायची, पण कडक रस्त्यावर येताच अवघडल्यासारखी होऊन पुढे जायला कुरकुर करायची आणि ट्रान्सफरची दांडी काही केल्या बाहेर निघायची नाही. गाडी दोन हात मागे घेतली की दांडी आपोआप सुटे. कोरड्या डांबरावर फोर व्हील लावू नये हे खरेच आहे, कारण या पद्धतीच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या-मागच्या शाफ्टना वेगवेगळ्या गतीने फिरण्याची मुभा नसते आणि वळणावर सगळी यंत्रणा पिळली जाते. पण माझी गाडी सरळ रस्त्यावरही पिळली जात होती. तीन गॅरेजांनी तीन निदाने केली. एकाने क्लच बदलला, दुसऱ्याने ट्रान्सफर केसचे बेअरिंग बदलले आणि तिसऱ्याने ‘गाडी जुनी झाली, इंजिनच वाढवा’ असा सल्ला दिला. तो सल्ला मी ऐकला असता, तर आज हे पत्र न लिहिता नवीन ट्रॅक्टरचे हप्ते भरत बसलो असतो.

खरे निदान घोटीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी खडूच्या एका तुकड्याने केले. गाडी सपाट जागी घेऊन त्यांनी मागचे एकच चाक उचलले, बाकीच्या चाकांना दगड लावले, गिअर न्यूट्रल केला आणि हँडब्रेक सोडायला लावला. विलीज वळणाच्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमधून निघणाऱ्या मागच्या शाफ्टवर असतो, त्यामुळे तो लावलेला असेल तर शाफ्ट हलतच नाही. (गाडीखाली जाण्याआधी त्यांनी जॅकशेजारी सागाचे दोन ठोकळे लावले, हेही नमूद करतो; नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणारी माणसे मी पाहिली आहेत.) मग टायरवर एक आणि प्रोपेलर शाफ्टवर एक अशी खडूची खूण करून त्यांनी मला चाक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायला सांगितले. एकच चाक उचललेले असताना डिफरन्शियलची करामत अशी, की चाकाचे दोन फेरे म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या दातेरी चाकाचा, क्राऊन व्हीलचा, एक फेरा. मागच्या शाफ्टचे पाच फेरे झाले आणि वर एक तृतीयांशाहून थोडे अधिक. पुढच्या ॲक्सलला तसेच केले, तर पाच फेऱ्यांना थोडे कमी भरले. मिस्त्री गाडीखालून बाहेर आले, हात पुसत म्हणाले, “दादा, तुमच्या गाडीचे पुढचे पाय एका बैलाचे अन् मागचे दुसऱ्याचे.”

खोलल्यावर दात मोजले. मागच्या क्राऊनला ४३ आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला ८, पुढच्या क्राऊनला ३९ आणि पिनियनला ८. म्हणजे मागे ५.३८ आणि पुढे ४.८८. आधीच्या कुणीतरी एक ॲक्सल दुसऱ्याच गाडीचा आणून बसवला होता आणि विकताना सांगितले नव्हते. या दोहोंत दहा टक्क्यांचा फरक आहे, त्यामुळे फोर व्हील लावल्यावर पुढची चाके दर दहा मीटरला मागच्या चाकांपेक्षा सुमारे एक मीटर जास्त पळू पाहत होती. चिखलात चाके घसरून हा फरक पचवत होती; डांबरावर तो पचवायला जागा नसल्यामुळे सगळा ताण ट्रान्सफर केसच्या गिअरवर येत होता. नवे बेअरिंग वर्षभरात का वाजू लागायचे, याचे उत्तर त्या खडूच्या खुणेत होते. आपल्या लेखातल्या छायाचित्रांतली निम्मी वाहने दोन-तीन गाड्यांचे भाग जुळवून उभी केलेली दिसतात. त्यांच्या मालकांनी हा खडूचा प्रयोग केला आहे का, एवढेच मला विचारावेसे वाटते.

दुसरे निदान तेलाचे. गिअरबॉक्सचा प्लग काढून तेल घमेल्यात सोडले, तेव्हा त्यात जरीच्या चुऱ्यासारखी सोनेरी चमक होती. मिस्त्रींनी जुन्या स्पीकरचे लोहचुंबक तेलातून फिरवले. त्याला लोखंडाची चार-दोन कुसळे चिकटली, पण सोनेरी चमक घमेल्यातच राहिली. “सोनं नाही, पितळ हाय,” ते म्हणाले. गिअर बदलताना दोन दातेरी चाकांची गती जुळवणाऱ्या ज्या पितळी रिंगा असतात, त्यांचा तो चुरा होता आणि त्याचा दोष माझ्याकडे जातो. डिफरन्शियलला घालायचे जीएल-५ दर्जाचे ईपी ९० तेल मी एकच डबा म्हणून वर्षानुवर्षे गिअरबॉक्समध्येही ओतत होतो. क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर घासत आणि दाबत फिरतात, म्हणून त्या तेलात गंधकयुक्त द्रव्ये जास्त असतात. तीच द्रव्ये पितळाला खातात. गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचे तेल लागते. दोन्ही डबे दुकानात शेजारी असतात, वरचे चित्रही सारखेच असते. पितळी रिंगांचा अख्खा संच गेला, शिकवणी स्वस्त पडली नाही.

आता बांधणीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण पैसे सर्वांत जास्त इथे वाया जातात. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासून जुळवलेले असतात, म्हणून ते जोडीनेच बदलावे लागतात. एकाच्या जागी दुसऱ्या संचातला तुकडा बसवला तर तो पहिल्या दिवसापासून ओरडतो. जोडी नवी घेतली तरी काम संपत नाही. पिनियन किती आत बसावा, त्याच्या बेअरिंगवर किती ताण असावा आणि दोन दातांमध्ये किती मोकळीक राहावी, हे कागदासारख्या पातळ शिमा घालून-काढून ठरवावे लागते. ती मोकळीक मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या भागाएवढी असते, ती बोटाने कळत नाही, त्यासाठी डायल गेज लागतो. दातांना निळा रंग लावून क्राऊन हाताने फिरवला की पिनियनचा ठसा उमटतो. तो दाताच्या मधोमध, लांबट बदामासारखा आला तर बरोबर; टोकाला किंवा मुळाशी सरकला तर पुन्हा सगळे खोलायचे. माझ्या मागच्या डिफरन्शियलला मिस्त्रींनी पाच वेळा खोलून पाचव्यांदा ठसा जमवला, त्यात अडीच दिवस गेले. तालुक्याच्या ठिकाणच्या एका गॅरेजने हेच काम दोन तासांत करून देतो म्हटले होते. त्यांच्याकडे डायल गेज नव्हता, निळा रंगही नव्हता. ‘आम्ही आवाजावरून ओळखतो’ असे उत्तर मिळाले. आवाज येईपर्यंत दात गेलेले असतात.

नव्या क्राऊन-पिनियनला सवय होऊ द्यावी लागते, हेही फारसे कुणी सांगत नाही. पहिल्या दिवशी मी वीसेक किलोमीटर रिकामी गाडी हळू चालवली, थांबलो, डिफरन्शियलच्या गोळ्याला हात लावला. हात टेकवता येत होता, पण जास्त वेळ ठेववत नव्हता. गाडी थंड होऊ दिली आणि परत निघालो. असे आठवडाभर केले, त्या काळात ओझे घातले नाही, कसारा घाटात नेली नाही आणि आठशे किलोमीटरनंतर तेल काढून टाकले. त्या तेलात राखाडी चमक होती, नंतरच्या तेलात नव्हती.

गुणोत्तर कोणते ठेवावे, हा प्रश्न मात्र आवडीचा नसून कामाचा आहे. मी पुढे-मागे ५.३८ ठेवले. माझ्या टायरचा परीघ सुमारे २.३ मीटर आहे. त्या हिशेबाने चौथ्या गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे २,३४० फेरे घेते, ४.८८ ठेवले असते तर २,१२० घेतले असते. महामार्गावर हा फरक कानाला आणि डिझेलला जाणवतो. पण माझी गाडी वर्षातले आठ महिने बांधावर असते आणि तिथे प्यूजोच्या २,११२ सीसीच्या साध्या डिझेल इंजिनाला जो आधार लागतो, तो ५.३८नेच मिळतो. ज्यांची जीप मुख्यतः रस्त्यावर धावते, त्यांनी ४.८८ ठेवण्यात काही चूक नाही, फक्त दोन्हीकडे तेच ठेवावे.

आता तेहतीस इंची टायरकडे वळतो. माझ्या टायरचा व्यास सुमारे २९ इंच आहे. त्याऐवजी ३३ इंची लावले, तर ५.३८चे डिफरन्शियल चाकाला ४.७३ असल्यासारखे वागू लागते, म्हणजे सात-आठ दशकांपूर्वीच्या अभियंत्यांनी दातांतून मिळवून दिलेला जोर टायरच्या दुकानात बारा टक्क्यांनी परत केला जातो. वर जड टायर फिरवण्याचा आणि थांबवण्याचा भार ॲक्सल शाफ्टवर आणि ब्रेकवर पडतो तो वेगळाच. पाट्यांखाली काही घालून गाडी उंचावली की प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, त्याच्या सांध्यांतले क्रॉस लवकर झिजतात आणि शाफ्ट पुन्हा जोडताना दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत आले नाहीत, तर ठरावीक वेगाला सारी गाडी थरथरते. खोलण्याआधी शाफ्टच्या दोन भागांवर खूण करून ठेवली तर हे टळते. ती खूण न करता खोललेला एक शाफ्ट मी स्वतः चार वेळा उलटसुलट बसवला आहे.

मोठ्या इंजिनाचीही तीच गोष्ट. २०१० साली आलेल्या थारच्या सीआरडीई डिझेल इंजिनाचा टॉर्क २४७ न्यूटन-मीटर आहे, तो माझ्या गाडीच्या मूळ इंजिनाच्या जवळपास दुप्पट. इतका पीळ जुन्या गिअरबॉक्समध्ये सोडला, की साखळीतली सर्वांत कच्ची कडी शोधायला वेगळी मेहनत लागत नाही. ती स्वतःच तुटून जाहीर होते. आणि मागे लॉकर (दोन्ही चाके एकत्र जखडणारे यंत्र) बसवलेला असेल, तर एक चाक हवेत असताना सगळा पीळ उरलेल्या एकाच ॲक्सल शाफ्टवर येतो.

सुधारणा करूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. मूळ बनवणाऱ्यांनीही त्या केल्या होत्या. विलीजच्या ट्रान्सफर केसमधला मधला शाफ्ट युद्धकाळी पाऊण इंच जाडीचा होता. तो गिअरचा भार सोसत नाही असे दिसल्यावर पुढच्या दहा-बारा वर्षांत आधी सव्वा इंचाला थोडा कमी आणि मग पूर्ण सव्वा इंच करण्यात आला. बाहेरून केस तशीच दिसे, आतली कच्ची कडी पक्की झाली. माझ्या समजुतीप्रमाणे सुधारणा अशी असते: जे झिजले ते आधी नव्याने बांधायचे, गुणोत्तरे जुळवायची, मग बेअरिंग आणि सील चांगल्या प्रतीचे घालायचे, त्यानंतर कच्ची कडी शोधून तेवढीच जाड करायची. लॉकर, टायर, इंजिन हे सगळे त्याच्याही नंतरचे. मी स्वतः त्या नंतरच्या टप्प्यापर्यंत पोहोचलोच नाही, कारण जुळवाजुळव झाल्यावर गरज उरली नाही. दोन्ही ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस मिळून माझा खर्च ६३ हजार रुपये झाला, त्यातली मोठी रक्कम मजुरीची होती आणि ती मला अजिबात खटकली नाही.

एक मुद्दा कायद्याचा, त्याचा आपल्या लेखात उल्लेखही नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली आणि त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. भंगारातले इंजिन बसवणारा माणूस या कलमाच्या थेट कक्षेत येतो आणि अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडू शकतो. हे वाचकाला न सांगता त्या इंजिनाचे कौतुक करणे मला योग्य वाटत नाही. याउलट क्राऊन-पिनियनच्या दातांची संख्या आरसीवर कुठेच छापलेली नसते. केसिंगच्या आतली झीज भरून काढणे आणि कच्चा शाफ्ट पक्का करणे ही दुरुस्ती मानावी की बदल, याबद्दल परिवहन खात्याने साध्या मराठीत एक पत्रक काढले, तर माझ्यासारख्यांचा आणि वाहन तपासणाऱ्या निरीक्षकांचाही वेळ वाचेल. आमच्याकडे प्रत्येक निरीक्षक याचे वेगळे उत्तर देतो.

आणखी एक विनंती आयटीआय चालवणाऱ्यांना. मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली दोन मुले माझ्या जीपच्या कामाला हाताखाली होती. संगणक जोडून इंजिनाचे दोष वाचणे त्यांना सराईतपणे येत होते, पण निळ्या रंगाचा ठसा त्यांनी पहिल्यांदा माझ्या अंगणात पाहिला. पाचव्या वेळी ठसा मधोमध उमटला, तेव्हा त्यातल्या एकाने मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढून ठेवले. मिस्त्रींचे वय आता सत्तरीपुढे आहे आणि तालुक्यात डायल गेज असलेला दुसरा माणूस मला ठाऊक नाही.

आपल्या पुरवणीत यापुढे जुन्या जीपवर लेख येईल, तेव्हा गाडीचे समोरून काढलेले एक छायाचित्र कमी करून खालून काढलेले एक छापावे, ही विनंती. शिवाय मूळ लेखातल्या ‘जुने गिअरबॉक्स आणि ॲक्सल चालतात’ या विधानाची दुरुस्ती आवणी सुरू होण्याआधी प्रसिद्ध झाली तर बरे होईल. आमच्या भागात जुन्या जीपचे खालचे काम लोक पावसाच्या तोंडावरच काढतात.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक जीपधारक शेतकरी,
ता. इगतपुरी, जि. नाशिक